शाळा-मंडळापासून मनिलापर्यंत

परदेशी स्थायिक झालेल्या मराठी माणसाला मोठे पद मिळाले, की आपल्याकडे एक ठराविक मजकूर छापून येतो. मूळ गाव, शाळा, आजोबांचा वाडा यांचा उल्लेख होतो, 'सातासमुद्रापार झेंडा' हे शब्द हमखास येतात. आणि ते पद नेमके काय आहे, तेथे बसून काय करावे लागते, तेथवर जाण्याची वाट कोणती होती, याविषयी दोन ओळीही नसतात. श्रीमती स्वाती दांडेकर यांचे चरित्र या मजकुरात सहज बसविता येईल, पण तसे केल्यास त्यातले सत्त्वच निघून जाईल. नागपूरच्या या बाई अमेरिकेतील आयोवा राज्याच्या विधिमंडळावर निवडून गेल्या; पुढे त्या राज्यात विजेचे व इतर सेवांचे दर ठरविणाऱ्या मंडळाच्या सदस्य झाल्या; आणि २०१६ मध्ये आशियाई विकास बँकेच्या संचालक मंडळावर अमेरिकेच्या प्रतिनिधी म्हणून, राजदूताच्या दर्जाने, मनिला येथे रुजू झाल्या. राज्यकारभार, मुत्सद्देगिरी आणि आंतरराष्ट्रीय वित्त या तिन्ही क्षेत्रांत वावरलेली दुसरी मराठी स्थलांतरित स्त्री मला तरी आठवत नाही.

तथापि या वाटचालीतील विचार करण्याजोगी पायरी शेवटची नाही, पहिली आहे. ती मनिलात नाही, वॉशिंग्टनमध्येही नाही. ती एका लहान गावातील शाळेच्या सभागृहात आहे, आणि तिच्याशी आपल्या निगडी-आकुर्डीचा संबंध वाटतो त्याहून अधिक निकटचा आहे.

स्वातीबाईंचा जन्म १९५१ चा. त्यांनी नागपूर विद्यापीठाची जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र या विषयांतील पदवी घेतली व पुढे मुंबई विद्यापीठाची आहारशास्त्रातील पदव्युत्तर पदविका. अर्थशास्त्राची पदवी त्यांच्या नावामागे नाही. जन्मभर अर्थशास्त्र शिकविणाऱ्या प्रस्तुत लेखकाला ही गोष्ट किंचित टोचते, पण ती लपविण्यात अर्थ नाही. १९७३ साली त्या आयोवात गेल्या.

हे साल लक्षात ठेवले पाहिजे. त्याआधी पन्नास वर्षे, १९२३ मध्ये, भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस 'गोरा' नव्हे, सबब तो नागरिक होऊ शकत नाही, असा निवाडा दिला होता. ज्यांना आधी नागरिकत्व मिळाले होते त्यांचेही ते काढून घेण्याचा सरकारने सपाटा लावला. थिंद यांची बाजू मांडणारे वकील सखाराम गणेश पंडित यांच्यावरही हा प्रसंग आला. त्यांनी न्यायालयात झगडून आपले नागरिकत्व राखले. नागरिकत्वाचे दार भारतीयांसाठी उघडले ते १९४६ च्या कायद्याने, आणि नव्याने येणाऱ्यांना मर्यादा होती ती वर्षाला शंभर माणसांची. १९५६ मध्ये दलीपसिंग सौंद कॅलिफोर्नियातून अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहावर निवडून आले, हे खरे. पण ते एकटे होते. राष्ट्रवार कोट्याची पद्धत मोडणारा कायदा १९६५ चा. त्यानंतर आपले डॉक्टर, इंजिनियर, प्राध्यापक अमेरिकेत जाऊ लागले. स्वातीबाई त्या पहिल्या लाटेतल्या.

या पिढीने काय केले हे आपण जाणतो. नोकऱ्या केल्या, घरे घेतली, मुलांना उत्तम शिक्षण दिले, गणेशोत्सव सुरू केले, १९८१ साली शिकागोत बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन केले. त्यांच्या कर्तबगारीविषयी शंका नाही. परंतु ज्या गावात राहायचे त्या गावाच्या कारभारात शिरण्याची हौस त्यांपैकी फार थोड्यांना होती. परक्या देशात आपण बरे की आपले काम बरे, हा मध्यमवर्गीय शहाणपणा त्यांनी इथूनच नेला होता. भारतीय वंशाचे पहिले राज्य-विधिमंडळ सदस्य म्हणून ज्यांचा उल्लेख होतो ते मेरीलँडचे कुमार बर्वे १९९० मध्ये निवडून आले, म्हणजे १९६५ च्या कायद्यानंतर पंचवीस वर्षांनी. मुळात ते तेथेच जन्मलेले. इथे वाढून, मराठी वळणाचे इंग्रजी घेऊन तेथे गेलेल्या गृहिणीने मते मागणे ही आणखी पुढची गोष्ट होती.

आयोवा हे मक्याचे, सोयाबीनचे आणि डुकरांच्या पैदाशीचे राज्य. समुद्र दूर, मोठी शहरे नाहीत. दांडेकर कुटुंब राहिले ते मॅरिअन या गावी. मॅरिअन हे सीडर रॅपिड्स या उद्योगनगराला चिकटून वाढलेले, जसे निगडी पिंपरी-चिंचवडला. सीडर रॅपिड्समध्ये ओट्सचा प्रचंड कारखाना आहे. अंतराळयानांना बिनतारी संदेशाची यंत्रे पुरविणारी कॉलिन्स कंपनीही तिथलीच. कारखाने म्हटले की बाहेरची माणसे आली. एकोणिसाव्या शतकात तेथे चेक लोक आले, मागाहून लेबनॉन-सीरियाकडचे मुसलमान आले, आणि त्यांनी १९३४ साली बांधलेली मशीद अमेरिकेत मशीद म्हणूनच बांधल्या गेलेल्या व आजही उभ्या असलेल्या इमारतींत सर्वांत जुनी गणली जाते. येथेही १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आले, मागोमाग बजाज, टेल्को आल्या, आणि कामगारांना घरे देण्यासाठी १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. स्वातीबाई मॅरिअनला पोचल्या त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. २०२१ मध्ये ते प्राधिकरण विलीन झाले, पण 'प्राधिकरण' हे वस्तीचे नाव म्हणून राहिले ते राहिलेच.

१९९६ मध्ये स्वातीबाई लिन-मार नावाच्या शाळा-मंडळावर निवडून आल्या आणि २००२ पर्यंत तेथे राहिल्या. येथे थोडे थांबून हे मंडळ म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. कारण आपल्या शिक्षकबंधूंना त्याची कल्पना येण्याजोगी व्यवस्था आपल्याकडे नाही. अमेरिकेत सरकारी शाळा चालविते ते मंत्रालय नव्हे. प्रत्येक शाळा-विभागाचे एक मंडळ असते, ते त्या विभागातील मतदारच थेट निवडतात. मुख्य शिक्षणाधिकाऱ्याची नेमणूक मंडळ करते. शिक्षकांच्या वेतनाचा करार मंडळाशी होतो. नवी इमारत बांधायची का, कोणत्या रस्त्यापर्यंतची मुले कोणत्या शाळेत जातील, बस कोठे थांबेल, संगीताचा शिक्षक ठेवायचा की कमी करायचा, हे सारे मंडळाच्या उघड्या सभेत ठरते. या कामाला आयोवात वेतन नाही. निवडणुकीत पक्षाचे चिन्हही नसते.

आणि पैसा? बराचसा राज्याकडून येतो, पण एक मोठा वाटा स्थानिक मालमत्ता-कराचा. आपल्या भाषेत बोलायचे तर शाळा घरपट्टीवरही चालते. यातली खोच अशी, की ज्याच्या खिशातून पैसे जातात तो मनुष्य सभेला येऊन समोर बसतो. मुले मोठी होऊन गेलेला म्हातारा शेतकरी विचारतो, 'माझ्या करातून तुम्हाला पोहण्याचा तलाव कशाला हवा?' त्याला उत्तर द्यावे लागते, आणि पुढच्या आठवड्यात तोच मनुष्य किराणा दुकानात भेटतो. सार्वजनिक वित्ताचा जो धडा आम्ही तृतीय वर्षाच्या वर्गात पाठ्यपुस्तकातून शिकवितो, तो तेथे एक आहारतज्ज्ञ गृहिणी सहा वर्षे प्रत्यक्ष गिरवीत होती. करदात्याला तोंड देऊन अंदाजपत्रक बसविण्याची सवय ज्याला लागली, त्याला पुढे मोठ्या आकड्यांची भीती वाटत नाही. शून्ये वाढतात, हिशेबाची रीत तीच राहते.

दुसरेही एक घडते. परदेशातून आलेल्या माणसाला कायद्याने नागरिकत्व मिळते ते एका शपथेने, अर्ध्या तासात. गावाने त्याला आपला मानणे ही वेगळी प्रक्रिया असते, आणि ती अशा बिनपगारी, कंटाळवाण्या कामांतून होते. २००२ मध्ये स्वातीबाई राज्याच्या प्रतिनिधिगृहासाठी डेमोक्रॅटिक पक्षातर्फे उभ्या राहिल्या तेव्हा याची परीक्षा झाली. न्यूयॉर्कचे मनोरे पडून वर्ष लोटले होते. परक्या चेहऱ्याकडे संशयाने पाहण्याचे दिवस होते. प्रतिस्पर्धी उमेदवार बाईंनी एका पत्रात असा सवाल केला, की मी आयोवात लहानाची मोठी होत राष्ट्रध्वजाची प्रतिज्ञा म्हणत होते तेव्हा ही बाई जातिव्यवस्था शाबूत असलेल्या भारतात वाढत होती. ती आपल्यासाठी कायदे करण्यास कशी लायक? पत्र बाहेर फुटले आणि गदारोळ झाला. त्या उमेदवाराच्या पक्षानेही हात झटकले. मतदारांनी स्वातीबाईंना स्पष्ट बहुमताने निवडून दिले. अमेरिकेतील राज्य-विधिमंडळावर निवडून गेलेल्या पहिल्या भारतीय वंशाच्या स्त्री अशी त्यांची नोंद केली जाते.

आपल्याकडे ही हकीकत सांगताना त्या सवालाची थट्टा करून पुढे जाण्याची रीत आहे. मला ती पटत नाही. सवाल द्वेषाने विचारला होता, पण तो बिनबुडाचा नव्हता. त्याचे खरे उत्तर नागपुरात आहे. ज्या वर्षी स्वातीबाईंचा जन्म झाला त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात या देशात पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचे मतदान सुरू झाले. एकवीस वर्षांवरील प्रत्येक स्त्रीपुरुषाला, जात न विचारता, मत मिळाले. अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या माणसाला हा हक्क व्यवहारात मिळण्यास १९६५ उजाडावे लागले. आणि स्वातीबाई पाच वर्षांच्या असताना, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, त्यांच्याच शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. जातिव्यवस्थेत वाढलेले हे शहर जातिव्यवस्थेविरुद्धच्या सर्वांत मोठ्या बंडाचेही शहर आहे. अशा ठिकाणी वाढलेल्या माणसाला लोकशाही काय असते हे कळत नसेल, तर ते कोणाला कळेल?

अर्थात हे उत्तर देण्याचा अधिकार आपल्याला किती, हा उपप्रश्न राहतोच. जात आपण येथेच ठेवून गेलो असे परदेशस्थ मंडळी सांगत असली, तरी २०२३ मध्ये सिअ‍ॅटल शहराला जातीवरून भेदभाव करण्यास बंदी घालणारा ठराव करावा लागला, ही गोष्ट विसरता येत नाही.

विधिमंडळातील वर्षांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. २००३ ते २००९ त्या प्रतिनिधिगृहात होत्या, नंतर राज्याच्या सिनेटमध्ये. २०११ चा प्रसंग मात्र सांगितला पाहिजे. त्या वर्षी पन्नास जणांच्या सिनेटमध्ये त्यांच्या पक्षाचे सव्वीस सदस्य होते आणि विरुद्ध पक्षाचे चोवीस. विरुद्ध पक्षाचेच गव्हर्नर टेरी ब्रॅनस्टॅड यांनी स्वातीबाईंना राज्याच्या 'युटिलिटीज बोर्डा'वर जागा देऊ केली. हे तीन सदस्यांचे मंडळ. एकाच पक्षाचे दोहोंपेक्षा अधिक सदस्य त्यावर असू नयेत असा नियम, त्यामुळे विरुद्ध पक्षाच्या माणसाची नेमणूक होणे यात गैर काही नव्हते. पण त्यांनी सिनेटचा राजीनामा दिला की पोटनिवडणूक होणार, आणि ती हरली तर सभागृह पंचवीस-पंचवीस असे दुभंगणार, हे शेंबड्या पोरालाही कळण्यासारखे होते. त्यांनी राजीनामा दिला. स्वपक्षीय रागावले. नोव्हेंबरातील पोटनिवडणूक त्यांच्या पक्षाने जिंकली म्हणून निभावले.

या निर्णयाचे समर्थन करणे मला अवघड वाटते. ज्यांनी एका पक्षाच्या नावावर मते दिली त्यांचा त्या जागेवर काही हक्क असतो, तो मुदतीच्या मध्यावर असा वाऱ्यावर सोडू नये. दुसऱ्या बाजूने हेही म्हणता येईल, की वीजदराचे काम त्यांना खरोखर करावेसे वाटले आणि पक्षशिस्तीपेक्षा त्यांनी कामाला अधिक मोल दिले. मतदारांनी आपला कौल तीन वर्षांनी दिला, असे ज्याला समजायचे त्याने समजावे: अमेरिकी काँग्रेसची निवडणूक लढविण्यासाठी त्या मंडळातून बाहेर पडल्या आणि जून २०१४ मध्ये पक्षांतर्गत लढतीतच हरल्या.

त्या मंडळाविषयी एक गोष्ट येथे सांगण्याचा मोह आवरत नाही. त्याचा जन्म १८७८ चा, रेल्वेवर देखरेख करणारे आयुक्त-मंडळ म्हणून. रेल्वे कंपन्या धान्याच्या वाहतुकीला वाटेल तो दर लावीत आणि शेतकरी पिळला जाई. त्याविरुद्ध शेतकऱ्यांनी संघटना बांधल्या, विधिमंडळे हलविली, आणि मक्तेदाराचे दर लोकांच्या वतीने कोणीतरी ठरविले पाहिजेत हे तत्त्व कायद्यात आणले. आपला महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग १९९९ मध्ये स्थापन झाला. चाकणच्या कारखानदाराला आणि निगडीच्या पेन्शनराला विजेचा दर कितीही सारखाच बोचत असला, तरी आयोगाच्या जाहीर सुनावणीला किती जण जातात?

आता मनिला. आशियाई विकास बँक १९६६ साली स्थापन झाली. ती कशी चालते हे कळण्यास आपल्या शिक्षकांच्या व कारकुनांच्या पतपेढीचे उदाहरण पुरेसे आहे. सभासद भाग घेतात, त्या भांडवलाच्या बळावर पेढी बाहेरून स्वस्तात पैसे उभारते आणि गरजू सभासदाला बाजारापेक्षा कमी व्याजाने देते. येथे सभासद म्हणजे देश. आणि बाहेरून उभारलेला पैसा म्हणजे जगाच्या रोखेबाजारात विकलेले कर्जरोखे. पण पतपेढीत प्रत्येक सभासदाला एक मत, मग त्याचा भाग शंभराचा असो वा लाखाचा. बँकेत तसे नाही. एकूण मतांपैकी एक पंचमांश मते सर्व देशांत सारखी वाटलेली आहेत, उरलेली भांडवलाच्या प्रमाणात. त्यामुळे जपान आणि अमेरिका यांच्याकडे प्रत्येकी सुमारे साडेबारा टक्के मते, चीनकडे आणि आपल्याकडे साडेपाच टक्क्यांच्या आसपास. अध्यक्ष आजवर प्रत्येक वेळी जपानीच झाला आहे. संचालक बारा. अमेरिकेचा संचालक फक्त अमेरिकेसाठी मत देतो. आपला संचालक बांगलादेश, भूतान वगैरे शेजाऱ्यांसाठीही. भारत संस्थापक सभासद खरा, पण बँकेचे पहिले कर्ज आपण घेतले ते १९८६ मध्ये. म्हणजे वीस वर्षे नुसतेच भागधारक राहिलो.

या बारांपैकी एका खुर्चीवर २०१६ मध्ये नागपूरची बाई बसली. राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी नाव सुचविले, अमेरिकेच्या सिनेटने मंजूर केले. त्या पहिल्या काही महिन्यांत बँकेने मोठी खटपट तडीस नेली होती. सर्वांत गरीब देशांना सवलतीने कर्ज देण्यासाठी एक निराळा निधी होता. त्याचा कर्जव्यवहार १ जानेवारी २०१७ पासून मुख्य ताळेबंदात विलीन करण्यात आला. परिणामी बँकेचे स्वभांडवल अठरा अब्ज डॉलरच्या आसपास होते ते एकदम पन्नास अब्जांच्या घरात गेले आणि सभासदांकडे नव्याने हात न पसरता कर्ज देण्याची ताकद वाढली. जमाखर्चातल्या दोन वह्या एकत्र शिवल्या, इतकेच. पण ज्याला वह्या वाचता येतात त्यालाच हे सुचते. अनेक वर्षांच्या तयारीने झालेल्या या कामाचे श्रेय एकट्या कोणा संचालकाचे नव्हे.

येथे आपल्या झेंडावाल्या मजकुरातला घोळ उघडा पडतो. अमेरिकेचा संचालक स्वतःच्या मनाने मत देत नाही. त्याला वॉशिंग्टनच्या अर्थखात्याकडून सूचना येतात. २०१३ मध्ये ओबामा सरकारने धोरण ठरविले होते, की कोळशावर चालणाऱ्या वीज-प्रकल्पांना, अतिगरीब देशांसारखे अपवाद वगळता, अशा बँकांतून कर्ज देण्यास अमेरिका पाठिंबा देणार नाही. जानेवारी २०१७ मध्ये सरकार बदलले आणि त्याच वर्षीच्या जुलैत ते धोरणही बदलले. खुर्ची तीच, तिच्यावरील व्यक्ती तीच, आदेश उलटा. शाळेच्या सभागृहात मतदारासमोर स्वतःचे मत मांडणारी व्यक्ती आणि दूरच्या राजधानीचा आदेश सभागृहात उच्चारणारी व्यक्ती यांत फरक आहे, आणि पद जसे वर चढते तसा आवाज आपला राहत नाही, हे मुत्सद्देगिरीचे पहिले कलम आहे. तेव्हा 'आपली माणसे' तेथे बसली म्हणजे आपले काम सोपे झाले, हा भाबडेपणा सोडावा. त्या तेथे अमेरिकेच्या होत्या, आणि तसेच असणे त्यांच्या शपथेला धरून होते. आपल्या हिताचे पाहण्यास आपला संचालक तेथे आहे.

मग आपल्याला त्यांच्याकडून घ्यायचे काय? गेल्या वर्षी या चरित्राचा उल्लेख वर्गात केला तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, 'सर, बाईंनी कोणती परीक्षा दिली होती?' प्रश्न ऐकून पहिल्यांदा हसू आले, मग आले नाही. आमच्या विद्यार्थ्यांना वर चढण्याचा एकच जिना दाखविलेला आहे: गुण, प्रवेश-परीक्षा, स्पर्धा-परीक्षा, परदेश. त्या जिन्याने गेलेली उदाहरणे थोर आहेत. कोलकात्यात जन्मून म्हैसूरला वाढलेल्या गीता गोपीनाथ विद्वत्तेच्या बळावर आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या मुख्य अर्थशास्त्रज्ञ झाल्या, पुढे २०२५ पर्यंत तेथील दुसऱ्या क्रमांकाच्या पदावर होत्या. पण ती वाट लाखात एकीची. स्वातीबाईंची वाट परीक्षेची नव्हती, शेजाऱ्यांच्या विश्वासाची होती. आणि ती आपल्या शाळेच्या दारापासून सुरू झाली.

तसे दार आपल्याकडे आहे काय? पूर्वी महापालिकांची शिक्षण मंडळे होती, पण त्यांचे सदस्य नागरिक निवडीत नसत, नगरसेवक निवडीत. पुढे ती मंडळेही बरखास्त झाली. पिंपरी-चिंचवड महापालिकेत एकशे अठ्ठावीस जागा, त्यांपैकी निम्म्या स्त्रियांसाठी राखीव. मात्र मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ शहराचा कारभार प्रशासकानेच पाहिला, आणि त्या काळात राखीव जागेवर बसायला खुर्चीच नव्हती. ज्या प्रभागांत स्त्री निवडून येते तेथेही पुष्कळदा फलकावर तिच्या नावाखाली पतिराजांचा दूरध्वनी क्रमांक असतो, हे आपण सारेच पाहतो.

आणि तरीही कायद्याने एक दार उघडे ठेवले आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याच्या एकविसाव्या कलमानुसार सरकारी व अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती असते. तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत, निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत, दुर्बल घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान असले पाहिजे. शाळेच्या कामावर देखरेख, विकास-आराखडा, अनुदानाच्या खर्चावर नजर, ही तिची कामे. अमेरिकेतील मंडळासारखे करआकारणीचे आणि नेमणुकीचे अधिकार तिला नाहीत, हे खरे. पण लातूरहून, यवतमाळहून, बिहार-ओडिशातून चाकण-भोसरीच्या कारखान्यांत आलेल्या कुटुंबातील आईला या शहराच्या कारभारात हक्काने बसण्याची जागा दुसरी कोठे आहे? शिवाय तिला नागरिकत्वाची शपथही घ्यायची नाही. स्वातीबाईंना जे मिळवावे लागले ते तिला जन्मतःच मिळालेले आहे. तिची अडचण निराळी: प्राधिकरणातील बंगल्यांतून अमेरिकेतल्या मुला-नातवंडांशी रोज बोलणारे, तेथे त्यांना कोणी 'बाहेरचे' म्हटले तर व्यथित होणारे आपण सुशिक्षित लोक, सेक्टराच्या पलीकडील वस्तीतल्या माणसाचा उल्लेख 'बाहेरून आलेले' असाच करतो. मॅरिअनच्या मक्याच्या शेतकऱ्यांनी जे मत २००२ मध्ये दिले, ते आपण देऊ काय?

या पट्ट्यातील एका शाळेच्या फळ्यावर गेल्या वर्षी व्यवस्थापन समितीच्या सभेची सूचना लावलेली मी वाचली. विषयपत्रिकेत अनुदानाच्या खर्चास मंजुरी हा विषय होता. मुख्याध्यापक कामसू, त्यांनी सांगितले, की माता-सदस्य सभेला फारशा येत नाहीत, मागाहून घरी नोंदवही पाठवून सह्या घ्याव्या लागतात. सूचनेवर सभेची वेळ बुधवारी सकाळी अकराची होती. त्या मातांपैकी बहुतेक जणी कंपन्यांत पॅकिंगच्या आणि सफाईच्या कामावर, पहिल्या पाळीला असतात, आणि पहिली पाळी सुटते दुपारी तीनला.